डर्बीच्या दिवशी पायात काय घालावं?

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. भाची मुंबईत नोकरीला आहे, तिने फेब्रुवारीत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर डर्बी, म्हणजे घोड्यांची मोठी शर्यत, बघायला घरच्या तिघांना बोलावलंय. ताई बावन्न वर्षांच्या, साडी नेसणार आहेत. मुलगी चोवीसची, तिला पोटरीपर्यंतचा ड्रेस आणि उंच टाचा हव्यात. यजमान सूट घालणार. ताईंचं म्हणणं असं : "चारचौघांत शोभलं पाहिजे, पण संध्याकाळी पाय धरून बसायची पाळी यायला नको. दुकानदार दाखवतात ते सगळंच छान दिसतं. निवडायचं कसं?"

ताई, म्हापशात माझं चपला-बुटांचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत कामाचं बाक. बाबांच्या हाताखाली शिकलो, त्याला तीस वर्षं झाली. महालक्ष्मीला दोनदा जाऊन आलोय, आणि दोन्ही वेळा घोड्यांइतकंच माझं लक्ष लोकांच्या पायांकडे होतं. चौथी-पाचवी शर्यत होईपर्यंत किती तरी बायका सँडल हातात धरून हिरवळीवर अनवाणी उभ्या दिसल्या. सँडल महाग होत्या, देखण्या होत्या. फक्त असल्या दिवसासाठी नव्हत्या.

म्हणून आधी तो दिवस कसा असतो ते बघू. इंडियन डर्बी १९४३ पासून धावते, साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. अंतर २४०० मीटर, आणि घोडे ते अडीच मिनिटांच्या आसपास कापतात. दिवसभरात अशा अनेक शर्यती होतात आणि दोन शर्यतींच्या मध्ये साधारण अर्धा तास जातो. म्हणजे प्रत्यक्ष धावणं मिनिटांचं आणि बाकीचे पाच-सहा तास तुमचे. त्या वेळात माणसं काय करतात? आधी पॅडॉकपाशी जाऊन घोडे बघतात. घोडे गोल फिरवत असतात आणि बघणारे कठड्याला टेकून उभे असतात. मग पैसे लावायच्या खिडकीपाशी रांगेत उभं राहायचं, मग धावपट्टीच्या कठड्याशी जाऊन उभं राहायचं, मग स्टँडच्या पायऱ्या चढायच्या, ओळखीचं कोणी भेटलं की हातात पेला घेऊन पुन्हा उभं. चालणं होतं ते थोडं थोडं. उभं राहणं मात्र संपत नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आपण दुकानात बूट चार पावलं चालून बघतो. चालताना पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला आवळतो आणि पायातलं रक्त वर ढकलतो. एका जागी उभं राहिलं की ही ढकलाढकल जवळजवळ थांबते, रक्त आणि पाणी खाली साठतं आणि पाऊल फुगतं. सकाळी नीट बसलेला बूट चार वाजता चावायला लागतो तो याच कारणाने. त्यात फेब्रुवारीतली मुंबईची दुपार, ऊन चांगलंच लागतं. म्हणून माझ्या दुकानात डर्बीसाठी किंवा लॉनवरच्या लग्नासाठी कोणी जोडी घ्यायला आलं, तर मी त्यांना ती घालून दहा मिनिटं नुसतं उभं ठेवतो, गप्पा मारत. सातव्या-आठव्या मिनिटाला माणूस भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकायला लागला, तर ती जोडी मी परत फळीवर ठेवतो. तुम्हीही हेच करा. दुकानदाराला घाई असेल तर असू दे.

दुसरी गोष्ट जमीन. रेसकोर्सवर हिरवळ आहे, सिमेंट आहे, पायऱ्या आहेत. पाणी घातलेली हिरवळ वरून घट्ट वाटते, पण आत मऊ असते. आपल्याकडे पर्वरीपासून कळंगुटपर्यंत लॉनवरची लग्नं इतकी होतात की हा धडा गोव्यात सगळ्यांनाच पाठ असायला हवा होता. पण अजूनही नवरीच्या मैत्रिणी पेन्सिल हील घालून येतात आणि फोटोसाठी मागे सरकल्या की टाच गवतात रुतून बसते. एका लग्नात तर टाच खाली राहिली आणि सँडल वर आली. ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दुरुस्तीला आली होती.

हिशेब साधा आहे. पेन्सिल हीलचं टोक साधारण १ चौरस सेंटिमीटर. ४ बाय ४ सेंटिमीटरची चौकोनी टाच असेल तर १६ चौरस सेंटिमीटर. अंगावरचं वजन तेच, पण जमिनीवरचा दाब सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून तुमच्या लेकीला सांगा की उंची सोडायची गरज नाही, टोक सोडायचं. ब्लॉक हील, म्हणजे अशी रुंद चौकोनी टाच घे, किंवा वेज, म्हणजे टाचेपासून पुढेपर्यंत सलग उतरत गेलेला सोल. पेन्सिल हीलला लावायच्या प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, त्याने रुतणं कमी होतं हे खरं, पण टाच बारीकच राहते. पायरी उतरताना घोटा मुरगळायची भीती त्या टोपीने जात नाही.

उंची किती, हा प्रश्न ती विचारणारच. माझं उत्तर चार ते पाच सेंटिमीटर. टाच जितकी वर जाते तितका भार चवड्यावर, म्हणजे बोटांच्या मुळाशी येतो आणि पाऊल पुढे घसरून बोटं टोकात चेपतात. पाच सेंटिमीटरच्या वर गेलं की सहा तास उभं राहणं कठीण होतं, हे मी गिऱ्हाइकांच्या परत आलेल्या जोड्यांवरून सांगतो. पण एक खुबी आहे. मोजायची ती टाचेची उंची नव्हे, टाच आणि चवड्याखालचा सोल यांच्यातला फरक. मागे ७ सेंटिमीटर आणि पुढे २ सेंटिमीटरचा जाड सोल असेल तर पायाला चढ ५ सेंटिमीटरचाच बसतो. उंच दिसायचं असेल तर हा मार्ग धरावा. पुढचा सोल फार जाड मात्र नको, नाहीतर जमीन पायाला कळत नाही आणि पायरीवर अडखळायला होतं.

लेकीच्या सँडलला घोट्याभोवती पट्टा हवाच. मागून उघडी, नुसती पुढे अडकवायची सँडल घातली की प्रत्येक पावलाला बोटं आवळून ती धरून ठेवावी लागते आणि नेमकं तेच संध्याकाळी दुखतं. पट्ट्याला दोन-तीन भोकं जास्त आहेत का बघा. नसतील तर कुठलाही मोची पाच मिनिटांत पाडून देईल. दुपारी पाय फुगला की एक भोक सैल करता आलं पाहिजे. एवढ्याशा भोकाने दिवस वाचतो.

आता तुमचं, ताई. साडीवर काय घालायचं याचा विचार बायका रंगापासून सुरू करतात. मी म्हणेन पायाच्या आकारापासून सुरू करा. पन्नाशीच्या आसपास पाऊल थोडं पसरट होतं, कमान खाली येते, चवडा रुंद होतो. पंचविशीत सहा नंबर लागत होता म्हणून आजही सहाच, असं धरून चालू नका. अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आलं असेल तर त्या हाडावरून जाणारा पट्टा किंवा शिवण कितीही मऊ असली तरी घेऊ नका. तीन सेंटिमीटरच्या आतबाहेरची वेज, वर दोन रुंद पट्टे, आतून कापडी किंवा मऊ चामड्याचं अस्तर, आणि मागून घोट्याला धरणारा एक बंद, ही तुमची जोडी. चॉकलेटी किंवा जुन्या सोन्याच्या रंगाची घेतलीत तर काठाच्या कुठल्याही साडीखाली शोभेल आणि पुढे चतुर्थीलाही घालता येईल.

कोल्हापुरी घालू का, असं पुष्कळ जणी विचारतात. मला कोल्हापुरीबद्दल फार जिव्हाळा आहे. महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना तिचं भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि त्यातलं बेळगाव तर आपल्या शेजारचं. झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं, हाताची शिलाई, पायाला महिनाभरात आपला आकार घेणारा तळ. देखणेपणात तिला तोड नाही, आणि डर्बीच्या गर्दीत पैठणीखाली चांगली कापशी पद्धतीची कोल्हापुरी दिसली तर बघणारे वळून बघतील. पण दोन अटी. एक, ती आधीच पायात मुरलेली असावी. नवी कोल्हापुरी त्या दिवशी पहिल्यांदा घातलीत तर अंगठ्याच्या बाजूला हमखास फोड येईल. दुसरी अट, टाच दुखायचा त्रास नसावा. तिचा तळ सपाट आणि कडक असतो आणि सिमेंटवर तासन्‌तास उभं राहिलं की टाचेला त्याचा मार बसतो. मोच्याकडून खाली दीड-दोन मिलिमीटरचा रबरी सोल चिकटवून घेतला तर घसरणंही थांबतं आणि थोडा मऊपणा येतो. पाण्याला ती मुळीच सोसत नाही. डर्बी कोरड्या दिवसांत असते म्हणून ठीक. पुण्याचा रेसचा हंगाम मात्र जुलैपासून पावसात सुरू होतो. कधी तिकडे जाणं झालं तर कोल्हापुरी घरीच ठेवा आणि रबरी तळाचे बंद बूट घाला.

साडीची एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. फॉल-पिको झाला की साडी नेसून बघतानाच ती जोडी पायात घाला आणि निऱ्यांची उंची त्यावर ठरवा. अनवाणी नेसलेली साडी वेजवर एकदम आखूड दिसते, आणि उंच टाचांवर नेसून मग टाचा काढल्या तर निऱ्या जमिनीवर लोळतात. हिरवळीवर निरी पायाखाली आली तर पडायला वेळ लागत नाही.

मापाबद्दल आता जरा सविस्तर, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. नंबर हा अंदाज आहे, माप नव्हे. इंग्लिश पद्धतीत एका नंबरात जवळजवळ साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो, युरोपच्या पद्धतीत पावणेसात मिलिमीटरपेक्षाही थोडा कमी. त्यामुळे डब्यावर छापलेलं 'हा नंबर म्हणजे तो नंबर' कधीच तंतोतंत जुळत नाही. आणि नंबर फक्त लांबी सांगतो. आपली पावलं चवड्याकडे रुंद असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर लाखभर लोकांची पावलं मोजली, त्यातही भारतीय पाऊल पाश्चात्त्यांपेक्षा रुंद निघालं. बाहेरच्या साच्यावर बेतलेला निमुळता बूट आपण घेतो, तो रुंदीला आवळतो म्हणून एक नंबर मोठा मागतो, मग तो लांबीला सैल होतो, टाच आत-बाहेर होते आणि टाचेला फोड येतो. नंबर वाढवून रुंदी मिळत नाही. साचा बदलावा लागतो. पुढून गोल किंवा बदामी आकाराचे बूट बघा, टोकदार नको.

घरी असं करा. संध्याकाळी, दिवसभर काम झाल्यावर, कोऱ्या कागदावर उभं राहा. बसून नाही, उभं. दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलांभोवती रेघ मारायला सांगा. डावं-उजवं सारखं नसतंच, मोठ्या पावलाचं माप धरायचं. मग ते आकार कापून दुकानात न्या आणि बुटाच्या तळाशी धरा. कागद कडेने बाहेर डोकावत असेल तर घालून बघायचीसुद्धा गरज नाही. घातल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, तिथे त्या बोटापासून मोजा. ऑनलाइन मागवत असाल तर हाच कागद मोजपट्टीने मोजून सेंटिमीटरमधलं माप बघा, नंबर बघू नका.

हातात घेऊन बूट वाकवून बघा. तो चवड्याच्या जागी वाकायला हवा, जिथे आपलं पाऊल वाकतं तिथे. मधोमध वाकला तर आत आधाराची पट्टी नाही आणि तुमच्या कमानीला दिवसभर स्वतःच आधार द्यावा लागेल. टाचेच्या मागची भिंत दोन बोटांनी दाबा, ती चेपून आडवी पडली तर टाच धरली जाणार नाही. टाचेच्या सँडलला टेबलावर ठेवून हलकं ढकला, डगमगते का बघा. आणि "घातलं की सैल होईल" हे विक्रेत्याचं वाक्य चामड्यापुरतं आणि रुंदीपुरतंच खरं. चामडं रुंदीला थोडं देतं, लांबीला देत नाही. रेक्झिन तर काहीच देत नाही.

गोव्याच्या माणसाला मी एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण दर वर्षी निदान दहा जण रडवेले होऊन येतात. कपाटात ठेवलेली, दोन-तीन वर्षांपूर्वी एखाद्या लग्नात एकदाच घातलेली जोडी काढून थेट समारंभाला घालून जाऊ नका. हलक्या, मऊ सोलपैकी पुष्कळ पॉलियुरेथेनचे असतात. हवेतल्या ओलाव्याने हे द्रव्य आतून हळूहळू तुटत जातं, आणि आपल्याकडचे पावसाचे चार महिने म्हणजे ओलावाच ओलावा. वरून बूट नवा कोरा दिसतो. घालून अर्धा तास चाललं की सोलचे तुकडे पडायला लागतात, जुन्या पावासारखे. न वापरता ठेवलेल्या जोडीत हे हमखास दिसतं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नात मांडवभर काळा चुरा सांडत फिरत होते, त्यांच्या लक्षातच आलं नाही. म्हणून यजमानांचे जुने काळे बूट आजच काढा. सोलच्या कडेला अंगठ्याने जोर लावून दाबा. चीर गेली, पीठ सुटलं किंवा बोटाला चिकट लागलं, तर तो सोल गेला. वरचं चामडं चांगलं असेल तर नवा रबरी सोल बसवून घेता येतो, पण त्याला आठवडा द्या. चामड्यावर पांढरी बुरशी आली असेल तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा, दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा, मग पॉलिश. उन्हात ठेवू नका, चामडं तडकतं.

यजमानांचं बाकी सोपं आहे. नाडीचे काळे किंवा गडद तपकिरी चामडी बूट. पायाचा वरचा भाग उंच असेल तर नाडीच्या दोन्ही पट्ट्या सुट्या उघडतात तो प्रकार घ्या. धंद्यात त्यालाही डर्बीच म्हणतात, आणि पाय फुगला तर तो सैल करता येतो. ऑक्सफर्ड जास्त औपचारिक दिसतो, पण त्याच्या पट्ट्या खालून शिवलेल्या असतात, तो तेवढा उघडत नाही. मोजे सुती आणि पोटरीपर्यंतचे. सभासदांच्या कक्षात बसणार असाल तर पोशाखाचे नियम भाचीला आधीच विचारायला सांगा, स्पोर्ट्स शूज किंवा चपला चालतील असं धरू नका.

कोणाला मधुमेह असेल तर माझे वरचे सगळे सल्ले थोडे बाजूला ठेवा. अशा पायाला कधी कधी चावलेलं कळतच नाही, त्यामुळे "मला बरं वाटतंय" यावर विसंबता येत नाही. पुढून बंद, आतून शिवण नसलेला बूट घ्या, घालण्यापूर्वी हात घालून खडा वगैरे नाही ना ते बघा आणि दर दोन तासांनी कुठेतरी बसून पाऊल तपासा. बधिरपणा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवी जोडी घालून इतका वेळ उभं राहू नका.

जोडी कधी घ्यायची? निदान तीन आठवडे आधी. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. पहिले चार दिवस घरात, मोज्यांवर, रोज अर्धा तास. मग बाहेर. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हा माझ्या मते नव्या जोडीची सगळ्यात चांगली परीक्षा आहे. तिथे गर्दी असते, थांबत थांबत चालावं लागतं, हातात पिशवीचं वजन असतं, कुठे फरशी तर कुठे खडबडीत जमीन, आणि मिरच्या-सॉसेजच्या ओळीत बोलत उभं राहणं तर होतंच. रेसकोर्सवरचा दिवस जवळजवळ असाच जातो. लेकीने एका संध्याकाळी गावच्या फुटबॉल मैदानावर गवतावर दहा मिनिटं चालून बघावं. जिथे लाल होतं ती जागा लक्षात ठेवा आणि निघायच्या दिवशी फोड येण्याआधीच तिथे पट्टी लावा. चामडं एखाद्या ठिकाणीच आवळत असेल तर माझ्यासारख्याकडे द्या, लाकडी साच्यावर रात्रभर ताणून तेवढीच जागा सैल करता येते. शेवटच्या दिवशी आणलंत तर मात्र मला काही करता येत नाही.

थिवी स्टेशनवरून रेल्वेत बसलात की मुंबईपर्यंत सात-आठ तास पाय लोंबकळत राहतात आणि फुगतात. त्यामुळे शनिवारीच पोहोचा, गाडीत जुन्या चपला घाला आणि रात्री पायाखाली उशी घेऊन झोपा. डर्बीची जोडी बॅगेत ठेवताना आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, म्हणजे आकार मोडत नाही. मुलीच्या पर्समध्ये घडी होणारी सपाट जोडी मावत असेल तर राहू दे, शेवटच्या शर्यतीनंतर बाहेर पडताना टॅक्सीसाठी पुन्हा उभं राहावं लागतंच.

त्या कागदावरच्या पावलांच्या रेघा घेऊन एखाद्या संध्याकाळी, पाचनंतर, दुकानात या. तुमच्या साडीचा काठ सोबत आणायला विसरू नका.